ग्लायकोजेनबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न: साखर साठते कुठे, मोडते कशी आणि कोणाच्या कामाला येते

रनिंग ग्रुप, घरातले डायबेटीसवाले, बारावीची आणि नर्सिंगची पोरं, सगळीकडून ग्लायकोजेनबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो कारण अर्धे प्रश्न तिथेच सुटतात: लिव्हरमधलं ग्लायकोजेन सगळ्या शरीरासाठी असतं आणि स्नायूतलं फक्त त्या स्नायूसाठी. हा फरक एकदा डोक्यात बसला की उपवास, मॅरेथॉन, शुगर लो होणं, डाएटच्या पहिल्या आठवड्यात वजन झटकन उतरणं हे सगळं एका धाग्यात येतं.

ग्लायकोजेन म्हणजे नक्की काय? साखरच ना?

साखरच, पण एकमेकांत गुंफलेली. मधोमध ग्लायकोजेनिन नावाचं छोटं प्रोटीन असतं, त्याच्यावर पहिली काही ग्लुकोज चढतात आणि मग पुढे साखळी वाढत जाते, दर आठ ते बारा ग्लुकोजनंतर एक फांदी फुटते, त्या फांदीला परत फांदी, असं करत करत एका कणात हजारो ग्लुकोज बसतात. तांदळातला, बटाट्यातला स्टार्च पण ग्लुकोजचाच, फक्त त्याला फांद्या कमी असतात. आयोडीन टाकलं की स्टार्च निळाजांभळा होतो आणि ग्लायकोजेन तांबूस तपकिरी, हे कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये बघितलं असेल.

फांद्या इतक्या कशाला, हा पुढचा प्रश्न येतोच. मोडणारं एन्झाइम (पेशीतली रासायनिक कामं करणारं प्रोटीन) साखळीच्या टोकावरच काम करतं. फांद्या जास्त म्हणजे टोकं जास्त, आणि टोकं जास्त म्हणजे गरज पडली की एकाच वेळी शेकडो ठिकाणांहून ग्लुकोज सुटायला लागतं. बसच्या मागे धावायचं असेल तेव्हा हे किती कामाला येतं बघा.

शरीरात असतं किती?

पोटभर जेवलेल्या माणसाच्या लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम, आणि सगळ्या स्नायूंत मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास. अंगकाठी, व्यायाम, खाणं यावर कमीजास्त होतं. आता याच्या शेजारी हा आकडा ठेवा: सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं फक्त चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. एकटा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज खातो. तो एक चमचा दिवसरात्र तेवढाच राहावा म्हणून लिव्हर किती राबत असेल याचा अंदाज यावरून येईल.

मग ग्लुकोज सुटंच का नाही साठवत? एवढी जोडाजोडी कशाला?

पाण्यामुळे. लिव्हरच्या पेशीतलं सगळं ग्लायकोजेन सुटं केलं तर ग्लुकोजची तीव्रता ०.४ मोलरच्या आसपास जाईल, रक्तात ती असते ५ मिलिमोलर (मिलिमोलर म्हणजे मोलरचा हजारावा भाग), म्हणजे आतबाहेर ऐंशीपट फरक. एवढ्या फरकाने बाहेरचं पाणी आत घुसेल आणि पेशी फुटेल. हजारो ग्लुकोज जोडून एकच कण केला की पेशीच्या हिशेबी तो एकच कण, पाण्याची ओढ त्या मानाने नगण्य.

जेवल्यावर साठवण कशी होते?

वरणभात खाल्ला, आतड्यात स्टार्चचं ग्लुकोज झालं, ते रक्तातून आधी लिव्हरमध्येच जातं. रक्तात साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिनमुळे स्नायूंच्या पेशींवर ग्लुकोज आत घेणारी दारं उघडतात, लिव्हरला अशी दारं उघडावी लागत नाहीत, त्याची कायम उघडीच असतात, पण साठवायचा हुकूम तिथेही इन्सुलिनच देतं. आत आलेल्या ग्लुकोजला लगेच फॉस्फेट चिकटवतात, त्यामुळे ते परत बाहेर जाऊ शकत नाही. मग त्याला यूडीपी नावाचा वाहक रेणू जोडला जातो आणि ग्लायकोजेन सिंथेस हे एन्झाइम ते साखळीच्या टोकाला लावतं. हा यूडीपीचा टप्पा अर्जेंटिनाच्या लुई लेलोआर यांनी उलगडला, १९७०चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं. त्यांच्याआधी सगळ्यांना वाटायचं की मोडणारं एन्झाइमच उलटं फिरून जोडत असेल. तसं नाहीये. जोडायची वाट वेगळी आणि मोडायची वेगळी, म्हणूनच शरीराला एक चालू असताना दुसरी बंद ठेवता येते.

आणि मोडतं कसं?

याच्यावर जरा थांबतो, कारण इथली कारागिरी खरंच बघण्यासारखी आहे.

फॉस्फोरिलेस नावाचं एन्झाइम टोकावरून एकेक ग्लुकोज तोडतं, आणि तोडताना पाणी न वापरता फॉस्फेट वापरतं, त्यामुळे सुटलेल्या ग्लुकोजला फॉस्फेट आयतंच लागलेलं असतं. रक्तातून आलेल्या ग्लुकोजला फॉस्फेट लावायला एक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च होतो, इथे तो वाचतो. म्हणून ऑक्सिजन कमी असताना स्नायूला साध्या ग्लुकोजपासून दोन एटीपी मिळतात आणि ग्लायकोजेनमधून सुटलेल्या ग्लुकोजपासून तीन. तर असं तोडत तोडत फॉस्फोरिलेस फांदीपाशी येतं आणि फांदीच्या चार ग्लुकोज अलीकडे अडकतं, पुढे जाताच येत नाही त्याला. मग दुसरं एन्झाइम येतं, त्या चारातली तीन उचलून शेजारच्या साखळीच्या टोकाला नेऊन लावतं, उरलेलं एक सांध्यापासून कापून टाकतं, आणि रस्ता मोकळा झाला की फॉस्फोरिलेस परत सुरू.

हे सुरू करायचा हुकूम लिव्हरला मुख्यतः ग्लुकॅगॉन देतं, रक्तातली साखर उतरली की स्वादुपिंडातूनच सुटणारं हे हॉर्मोन. स्नायू ग्लुकॅगॉनचं ऐकत नाहीत. ते ऐकतात अ‍ॅड्रेनॅलिनचं, आणि त्याहून जवळचं म्हणजे आकुंचन पावताना पेशीत जे कॅल्शियम सुटतं त्याचं, म्हणजे ज्या कॅल्शियममुळे स्नायू आखडतो त्याच कॅल्शियममुळे त्याचं इंधनही मोकळं होतं. फॉस्फोरिलेस शोधलं कार्ल आणि गर्टी कोरी या जोडप्याने, १९४७चं नोबेल त्यांना मिळालं आणि वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या गर्टी कोरी पहिल्या महिला.

स्नायूंत ४०० ग्रॅम पडलेलं असताना शुगर लो होतेच कशी?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच. लिव्हर म्हणजे गावकीची विहीर आणि स्नायू म्हणजे ज्याच्या त्याच्या घरातला हंडा. साखळीतून सुटलेल्या ग्लुकोजला फॉस्फेट चिकटलेलं असतं हे वर सांगितलं, ते फॉस्फेट काढल्याशिवाय ग्लुकोज पेशीबाहेर पडू शकत नाही, आणि ते काढणारं ग्लुकोज-६-फॉस्फेटेस हे एन्झाइम लिव्हरमध्ये भरपूर असतं, थोडं किडनीत असतं, स्नायूत नसतं. त्यामुळे मांडीत कितीही ग्लायकोजेन असलं तरी मेंदूला त्यातलं थेट काही मिळत नाही, एवढंच काय, उजव्या पायातलं डाव्या पायालाही मिळत नाही.

आडवाटेने थोडं मिळतं. जोरात काम करणारा स्नायू लॅक्टेट (ग्लुकोज अर्धवट मोडून उरलेलं द्रव्य) सोडतो, ते रक्तातून लिव्हरला जातं, लिव्हर त्याचं परत ग्लुकोज करतं. याला कोरी सायकल म्हणतात, वरच्याच जोडप्याच्या नावाने.

लिव्हर साखर तयार करतं हे पहिल्यांदा कळलं कसं?

फ्रान्समध्ये, क्लोद बर्नार या शरीरशास्त्रज्ञांना. त्या काळी पक्का समज होता की साखर फक्त वनस्पती बनवतात आणि प्राणी ती नुसती खर्च करतात. बर्नार यांनी निव्वळ मांसावर ठेवलेल्या कुत्र्याचं रक्त तपासलं, तर लिव्हरमधून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर होतीच. मग १८५५ मध्ये त्यांनी ताजं लिव्हर घेऊन त्याच्या रक्तवाहिन्यांतून पाण्याची धार सोडली, आतलं सगळं धुऊन निघेपर्यंत, साखरेचा मागमूस उरला नाही. ते धुतलेलं लिव्हर तसंच ठेवलं, दुसऱ्या दिवशी तपासलं तर त्यात परत भरपूर साखर. म्हणजे पाण्याने न निघणारं काहीतरी आत होतं आणि त्याची साखर होत होती. १८५७ मध्ये त्यांनी ते वेगळं काढलं आणि ग्लायकोजेन हे नाव दिलं. काय साधा प्रयोग आहे! मशीन नाही काही नाही, पाणी आणि एक रात्र.

एकादशीला किंवा उपवासाला ग्लायकोजेन संपतं का?

उपवास कसला करता त्यावर आहे. साबुदाण्याची खिचडी, रताळं, बटाटा, वरीचे तांदूळ हे सगळं स्टार्चच, त्यामुळे खाऊनपिऊन केलेल्या एकादशीला लिव्हर रिकामं व्हायचा प्रश्नच येत नाही, उलट रोजच्यापेक्षा जास्त भरत असेल. निर्जळी किंवा नुसत्या पाण्यावरचा उपवास असेल तर गोष्ट वेगळी. रात्रीच्या झोपेतच लिव्हरमधला बराच साठा उतरतो, आणि चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर तो जवळपास संपतो. पण शुगर लगेच धाडकन पडत नाही कारण लिव्हर त्याच्या कितीतरी आधीपासूनच लॅक्टेट, अमिनो अ‍ॅसिड, चरबीतून निघालेलं ग्लिसरॉल यांच्यापासून नवीन ग्लुकोज बनवायला लागलेलं असतं, आणि बाकीचं शरीर चरबीवर चालायला लागतं. धडधाकट माणसाला हे निभतं. डायबेटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक उपवास करू नये, मग तो एकादशीचा असो नाहीतर रोजा. घरातल्या मोठ्या माणसांना हे सांगणं अवघड जातं, माहितीये, तरी सांगा.

डाएट सुरू केलं आणि आठवड्यात दोन किलो उतरले. चरबी गेली ना?

बहुतेक पाणी गेलं. एक ग्रॅम ग्लायकोजेन स्वतःबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भातपोळी बंद केली की ४००-५०० ग्रॅम ग्लायकोजेन खाली येतं, त्याच्याबरोबर दीड लिटर पाणी, काटा दोन किलो खाली. लग्नाला जाऊन दोन वेळा जेवलात की ते परत येतं, आणि लोक उगाच रडत बसतात की सगळी मेहनत वाया गेली. मेहनत कुठे जात नाही, चरबीचा हिशेब हळू चालतो, तो महिन्यांत बघायचा. आणि शरीर सगळं इंधन ग्लायकोजेनमध्ये का ठेवत नाही याचंही उत्तर हेच, चरबीला एवढं पाणी लागत नाही आणि ग्रॅममागे ती दुप्पटीहून जास्त ऊर्जा देते.

मॅरेथॉनमध्ये तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला पाय एकदम का संपतात?

हिशेब मांडू. धावताना दर किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी जाते. साठ किलोचा माणूस ४२.१९५ किलोमीटर धावला की अडीच हजार कॅलरी. ग्लायकोजेन सगळं मिळून ५०० ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरी, त्यातलं हातातलं वगैरे धावायला उपयोगाचं नाही कारण स्नायू एकमेकांना देत नाहीत. बाकीचं चरबीतून येतं, पण चरबीतून ऊर्जा हळू निघते. सुरुवातीला जोशात जोरात पळालात की ग्लायकोजेनचा वाटा वाढतो आणि साठा लवकर तळाला जातो, मग स्नायू नुसत्या चरबीवर तो वेग धरू शकत नाहीत, वर लिव्हरही रिकामं झालं की मेंदूला कमी पडायला लागतं, डोकं जड होतं, चिडचिड होते, साधी बेरीज जमत नाही. मुंबई मॅरेथॉन पूर्ण पळणाऱ्यांना विचारा, पेडर रोडचा परतीचा चढ नेमका या सगळ्याच्या आसपास येतो.

उपाय साधे आहेत. पहिले दहा किलोमीटर आवरून पळा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स पोटात जाऊ द्या, जेल, केळं, खजूर, साखर-मीठ-पाणी, जे पचतं ते, आणि थकायच्या आधीपासून. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आतड्यातून वेगवेगळ्या दारांनी आत जातात, म्हणून दोन्ही मिसळून घेतलं आणि पोटाला सवय असली तर ९० ग्रॅमपर्यंतही जमतं. रेसच्या दिवशी नवीन काही खाऊ नका, प्लीज.

कार्ब लोडिंग खरं असतं का?

खरं असतं, आणि त्याचा पुरावा फार सुंदर आहे. स्वीडनमध्ये बेर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोघा संशोधकांनी १९६६ मध्ये प्रयोग केला तो स्वतःवरच. एकच व्यायामाची सायकल, एकाने एका बाजूने एक पाय पेडलवर ठेवला, दुसऱ्याने समोरच्या बाजूने, आणि पाय पार थकेपर्यंत चालवली. दुसरा पाय नुसता आराम करत होता. मग तीन दिवस भरपूर कार्ब्स खाल्ले आणि दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. थकवलेल्या पायात आराम केलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट ग्लायकोजेन! माणूस तोच, रक्त तेच, जेवण तेच. म्हणजे रिकामा झालेला स्नायू स्वतःच पुढच्या वेळेसाठी जास्त भरून घेतो.

आता प्रत्यक्षात काय करायचं, तर आधी तीन दिवस कार्ब्स तोडून कळ काढायची जुनी पद्धत लागत नाही. रेसच्या आधीचे दीड-दोन दिवस पळणं कमी आणि वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १० ते १२ ग्रॅम कार्ब्स. साठ किलोला ६०० ग्रॅम, हे भरपूर होतं, भात, पोहे, इडली, बटाटा, ज्यूस असं वाटून खावं लागतं आणि तूप-तेल कमी. वजन किलो-दीड किलो वाढेल, ते पाणीच. दहा किलोमीटरच्या रेसला यातलं काही नको, रोजचं जेवण पुरतं.

मटण-मासे खाऊन ग्लायकोजेन मिळतं का?

नावापुरतं. जनावर कापल्यावर स्नायूतलं ग्लायकोजेन लॅक्टिक अ‍ॅसिड होऊन जातं, म्हणून मटणाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढं आंबट) सातवरून साडेपाचच्या आसपास उतरतो. कालवं मात्र अपवाद, ती ग्लायकोजेनच साठवतात, ताज्या कालवांना जी गोडसर चव लागते त्यात त्याचाही हात आहे.

डायबेटीसमध्ये काही न खाता सकाळी शुगर वाढलेली कशी येते?

कारण रात्रभर लिव्हर साखर सोडत असतं. निरोगी माणसात थोडं इन्सुलिन त्याला आवरून धरतं. इन्सुलिन कमी पडलं किंवा लिव्हर त्याचं ऐकेनासं झालं की ग्लायकोजेन मोडणं आणि नवीन ग्लुकोज बनवणं दोन्ही चालूच राहतं, पहाटे कॉर्टिसोलसारखी हॉर्मोन वाढतात ती अजून भर घालतात. रात्री चोरून काही खाल्लं असेल असा आईवडिलांवर संशय घेऊ नका. मेटफॉर्मिन या डायबेटीसच्या गोळीचं मुख्य काम लिव्हरचं हे साखर बनवणं कमी करायचंच आहे.

उलट शुगर ७०च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन मिळतं पण ते लिव्हरमधलं ग्लायकोजेन मोडूनच काम करतं, त्यामुळे दोन दिवस नीट न जेवलेल्या माणसावर ते फारसं चालत नाही. दारूचंही तसंच, दारू लिव्हरचं नवीन ग्लुकोज बनवणं अडवते, उपाशीपोटी पिणाऱ्याची शुगर म्हणून धोकादायक पडते आणि लोकांना वाटतं चढली आहे, झोपू दे. हे फार महागात पडतं.

लहान मुलांनी उपाशी झोपू नये असं का म्हणतात?

मुलांचं लिव्हर लहान आणि वजनाच्या मानाने मेंदू मोठा, साठा लवकर उतरतो. पोटातलं बाळ शेवटच्या आठवड्यांत लिव्हरमध्ये ग्लायकोजेन भरून घेतं, जन्मल्यावर पहिल्या काही तासांत ते वापरलं जातं, म्हणून तासाभरात अंगावर पाजायला सांगतात आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांची शुगर वारंवार बघतात.

बिहारच्या मुझफ्फरपूरचं उदाहरण मनाला लागणारं आहे. तिथे दर उन्हाळ्यात लिचीच्या हंगामात गरीब घरांतली मुलं पहाटे झटके येऊन बेशुद्ध व्हायची, कित्येक गेली. २०१४ मध्ये केलेला तपास २०१७ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात दोन गोष्टी एकत्र दिसल्या: लिची खाणं आणि रात्रीचं जेवण न होणं. लिचीतल्या हायपोग्लायसिन आणि तशाच दुसऱ्या एका द्रव्यामुळे चरबी जाळणं आणि नवीन ग्लुकोज बनवणं दोन्ही अडतं. ज्याच्या लिव्हरमध्ये साठा आहे ते पोर तरून जातं, कुपोषित आणि उपाशी झोपलेल्या पोराकडे तो साठाच नसतो. मुलांना रात्री जेवू घाला आणि शुगर पडली तर लगेच ग्लुकोज द्या, असा सल्ला त्यातून निघाला.

ग्लायकोजेनचे आजार असतात म्हणे, ओळखायचे कसे?

असतात, दुर्मीळ आणि बहुतेक जन्मजात. प्रत्येकात एखादं एन्झाइम नसतं किंवा अगदी कमी असतं. फॉन गीर्केच्या आजारात लिव्हरमधलं फॉस्फेट काढणारं एन्झाइम नसतं, ग्लायकोजेन साठत जातं पण बाहेर येत नाही, पोट मोठं दिसतं आणि दोन फीडमधल्या वेळातही शुगर पडते. १९८०च्या दशकापासून यावर कच्चं, न शिजवलेलं कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून देतात कारण ते तासन् तास हळूहळू पचतं. कितीतरी आईबाप यासाठी मध्यरात्री गजर लावून उठतात. पॉम्पेच्या आजारात पेशीच्या लायसोसोममध्ये (पेशीतला कचरा मोडणाऱ्या पिशवीत) ग्लायकोजेन तुंबतं आणि हृदय, स्नायू कमकुवत होतात, त्यावर २००६ पासून बाहेरून एन्झाइम देता येतं. मॅकआर्डलच्या आजारात स्नायूचं फॉस्फोरिलेस नसतं, शुगर ठीक असते पण जिना चढताना पाय आखडतात, जरा थांबून परत चालायला लागलं की बरं वाटतं, कारण तोवर रक्तातलं ग्लुकोज आणि चरबी पोचायला लागतात.

बाळ सकाळी उठवताना ढिलं पडलेलं वाटत असेल, घामाघूम होत असेल, झटके येत असतील किंवा पोट दिवसेंदिवस फुगत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि उपाशी असतानाची शुगर तपासायला सांगा. मोठ्या माणसाला व्यायामानंतर कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी झाली तर ती स्नायू फुटल्याची खूण आहे, भरपूर पाणी प्यायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.